खुर्ची रिकामी होण्याआधी

मार्च 2023 मध्ये टीसीएसचे प्रमुख राजेश गोपीनाथन यांचा राजीनामा जाहीर झाला आणि त्याच दिवशी उत्तराधिकाऱ्याचे नावही: 1989 पासून कंपनीत असलेले के. कृतिवासन. 2017 मध्ये टीसीएसचे तेव्हाचे प्रमुख एन. चंद्रशेखरन टाटा सन्सच्या अध्यक्षपदी गेले, तेव्हाही घरातलेच वित्तप्रमुख गोपीनाथन पुढे आले होते.

इन्फोसिसची वाट खडतर ठरली. 2011 मध्ये निवृत्त झालेल्या संस्थापक नारायण मूर्तींना 2013 मध्ये परतावे लागले. मग बाहेरून आलेले प्रमुख विशाल सिक्का संस्थापकांशी झालेल्या वादानंतर ऑगस्ट 2017 मध्ये पायउतार झाले आणि सहसंस्थापक नंदन नीलेकणी यांना बोलवावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीत गुणी माणसांची वानवा होती, असे कोण म्हणेल? वानवा होती ती तयारीची.

बाहेरचा माणूस नेमणे चूक नव्हे. पुढे इन्फोसिसला स्थैर्य देणारे सलील पारेखही बाहेरचेच.

सूचीबद्ध कंपनीत उत्तराधिकाराची योजना आहे याची खात्री संचालक मंडळाने करावी, असा सेबीचा नियम आहे. तो अहवालातल्या एका ओळीवर भागवला जाऊ नये. होतकरू अधिकाऱ्यांना वेगवेगळे विभाग, अगदी तोट्यातला व्यवसायही, सांभाळायला द्यावेत आणि भागधारकांनी वार्षिक सभेत त्याचा हिशेब मागावा.