क्लच घसरतोय? प्लेट बदलण्याआधी वायर आणि ऑइल पाहा

रेस वाढते, पण गाडी ओढत नाही. अशा वेळी ‘क्लच प्लेट गेल्या’ हे निदान सगळ्यात आधी ऐकू येते. खरे तर ते सगळ्यात शेवटी यायला हवे.

चढावर डबलसीट जाताना ॲक्सिलरेटर पिळला, इंजिनचा आवाज चढला आणि वेग मात्र तेवढाच राहिला, तर क्लच घसरत असण्याची शक्यता मोठी असते. याकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही. पेट्रोल जळते, ॲव्हरेज पडतो आणि खंबाटकीसारख्या घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना ऐनवेळी गाडी पुढे सरकत नाही. दिवसभर पार्सल पोहोचवणाऱ्याच्या तर कमाईचाच हा प्रश्न आहे. पण म्हणून लगेच इंजिन उघडायचे का? आमचे मत स्पष्ट आहे : आधी वायर, मग ऑइल आणि शेवटी प्लेट. हा क्रम गाडीमालकाने स्वतः माहीत करून घ्यावा आणि गॅरेजमध्येही त्याचा आग्रह धरावा.

नक्की क्लचच आहे का?

बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लच म्हणजे फ्रिक्शन प्लेट आणि स्टील प्लेट यांची एकाआड एक रचलेली चवड. स्प्रिंग ती घट्ट दाबून धरतात आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. हा दाब किंवा घर्षण कमी पडले की प्लेट एकमेकींवर घसरतात. वरच्या गिअरमध्ये क्लचवर जास्त ताण येतो, म्हणून दोष आधी तिथे जाणवतो.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी ४० किमीच्या आसपास असताना ॲक्सिलरेटर झटकन पिळा. इंजिनचा आवाज एकदम चढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. आवाज आणि वेग दोन्ही मंदच राहिले, तर दोष इंजिनच्या ताकदीत शोधा. झटके बसून खटखट आवाज आला, तर चेन-स्प्रॉकेट पाहा. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट जळतात.

पहिली पायरी : वायर

क्लच लिव्हर बोटाने हलकेच ओढा. ताण जाणवण्याआधी लिव्हरचे टोक जेवढे सैल हलते, ती वायरची ढिलाई. बऱ्याच कम्युटर गाड्यांना ती १० ते २० मिमी लागते. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ढिलाई अजिबात नसेल, तर हात लिव्हरवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो.

इथेच एक गैरसमज आहे. गिअर अडकतो, न्यूट्रल सापडत नाही म्हणून अनेक जण वायर ताणून घेतात. गिअर सुटतो, पण ढिलाई संपते आणि क्लच घसरू लागतो. शिवाय प्लेट झिजतात तशी बहुतेक गाड्यांत ही ढिलाई आपोआप कमी होत जाते. म्हणजे वर्षभरापूर्वी बरोबर लावलेली वायर आज घट्ट असू शकते.

उपाय सोपा आहे. लिव्हरजवळचा लॉकनट सैल करून ॲडजस्टर आत फिरवला की ढिलाई वाढते, बाहेर काढला की कमी होते. तेवढ्याने भागले नाही, तर इंजिनकडच्या टोकालाही ॲडजस्टर असतो. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ढिलाई तेवढीच राहते का, ते पाहा. बदलत असेल, तर वायर कुठेतरी अडकते आहे.

दुसरी पायरी : ऑइल

बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. इंजिनला ती चांगली, पण ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला घातक. म्हणून डब्यावर ‘जेएएसओ एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेले आहे का, ते वाचा. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे ऑइल आहे. गिअरलेस स्कूटरचा क्लच इंजिन ऑइलपासून वेगळा असल्याने तिथे ते चालते. गिअरच्या गाडीत नको. ऑइल बदलल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल, तर पहिला संशय ऑइलवरच घ्यावा.

शेवटी : प्लेट

वायर आणि ऑइल ठीक असूनही क्लच घसरत असेल, तर उघडण्याला पर्याय नाही, आणि मग चालढकलही नको. फ्रिक्शन प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजून कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावी. स्टील प्लेट निळसर पडली असेल, तर ती तापली आहे; काचेवर ठेवली की वाकडेपणा कळतो. स्प्रिंगची लांबीही मोजावी, कारण थकलेल्या स्प्रिंगवर नव्या प्लेटही घसरतात. नव्या प्लेट बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत आणि कव्हरचे पॅकिंग नवे टाकावे.

तपासणीचेही पैसे द्या

सगळा दोष मेकॅनिकवर ढकलणे मात्र अन्यायाचे ठरेल. वायर सैल करून दिली, तर ‘एवढ्याचे काय पैसे?’ असे आपणच म्हणतो. प्लेट बदलल्या की मजुरीही मिळते आणि पार्टवरचे मार्जिनही. निदानाला किंमत नाही आणि पार्टला आहे, अशा हिशेबात पार्टच बदलले जाणार. म्हणून तपासणीची मजुरी बिनतक्रार द्यावी आणि त्या बदल्यात दोन गोष्टी हक्काने मागाव्यात : उघडण्याआधी वायर-ऑइल पाहिल्याची खात्री आणि काढलेल्या जुन्या प्लेट, जाडी मोजून दाखवून.

आपल्या सवयींचाही यात वाटा आहे. ट्रॅफिकमध्ये दोन बोटे सतत लिव्हरवर ठेवणे किंवा चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे, यात प्लेट विनाकारण झिजतात. पुढच्या सिग्नलला न्यूट्रल टाका आणि हात लिव्हरवरून काढा. यासाठी कुठल्याही गॅरेजची गरज नाही.