सरासरीत बुडालेली जोगेश्वरी

१/ जोगेश्वरीतला विद्यार्थी पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत काय रेखाटतो? पृथ्वीचा निळा गोल, 'पाणी वाचवा' हे घोषवाक्य आणि कुठून तरी उतरवून घेतलेला जगाचा वृत्तालेख. आरेच्या टेकड्यांतून निघून मालाडच्या खाडीला मिळणारी ओशिवरा नदी त्यात नसते. हे शिक्षण नव्हे, नक्कल आहे.

२/ २६ जुलै २००५ आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला अवघा ७३. दोन्ही नोंदी हवामान खात्याच्या, एकाच शहराच्या.

३/ सरासरी काढा: सुमारे ५०९ मिमी. गणित अचूक, पण हा आकडा या दोहोंपैकी एकाही ठिकाणचे सत्य सांगत नाही. उलट, स्तंभालेखात कुलाबा १ सेंटिमीटर धरला, तर सांताक्रूझ जवळजवळ १३ सेंटिमीटर उंच होतो. उपनगरावर काय कोसळले, ते शाळकरी मुलालाही एका नजरेत कळते.

४/ शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसासाठी बांधलेल्या, तेही ओहोटी असताना. ९४४ मिमी २४ तासांत समान वाटले तरी ताशी ३९ होतात; आणि पाऊस समान पडला नव्हताच. एवढा भागाकार केला, की 'निसर्गाचा कोप' हे उत्तर अपुरे ठरते.

५/ 'मुलांना आकडे रुक्ष वाटतात' ही सबब जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील मृत्यूंचा आलेख मांडला: जखमांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक मेले होते. तिला सजावट करायची नव्हती, राज्यकर्त्यांकडून जाब हवा होता.

६/ आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापून अस्सल कागदाचा आग्रह धरला. बखर पारखून घेणारे आपण, रंगीत आलेखापुढे मात्र मान का तुकवतो? आकडाही साधनच आहे. तो कोणी, कुठे, केव्हा मोजला आणि त्यातून कोण वगळले गेले, हे विचारलेच पाहिजे.

७/ सांताक्रूझचा आकडाही जोगेश्वरीचा नव्हे. मध्ये तीन स्टेशनांचे अंतर आहे. तेव्हा शिक्षकांनी वर्ग ओशिवराकाठी न्यावा. त्या रात्री पाणी भिंतीवर कुठवर चढले, हे वस्तीतील वडीलधाऱ्यांना विचारून मुलांनी फूटपट्टीने मोजावे, नकाशावर नोंदवावे. साक्षी आठवणींवर विसंबून असतील, म्हणून दोन घरांच्या साक्षी ताडून पाहाव्यात. तो नकाशा महापालिकेच्या विभाग कार्यालयात नेऊन ठेवावा. मग उत्तर मागावे.