सेलोफेन राहू द्या, राव!

सिगार मुरवत ठेवणाऱ्या मंडळींचा एक जुना वाद आहे: पेटीत ठेवताना वरचं सेलोफेन काढायचं की नाही? 'काढा'वाल्यांचा मुद्दा असा, की प्लॅस्टिकमध्ये कोंडलेली सिगार मुरणार कशी?

गोची इथेच आहे. सेलोफेन प्लॅस्टिक नाहीच मुळी! जाक ब्रांडेनबर्गर या स्विस केमिस्टने शोधलेलं हे प्रकरण लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनतं. साध्या सेलोफेनमधून पाण्याची वाफ आरपार जाते. म्हणजे ह्युमिडॉरमधली 65-70% आर्द्रता आत पोचते, फक्त जरा सावकाश. वर्षानुवर्षं ठेवलेलं सेलोफेन पिवळट पडतं, ते आतल्या तंबाखूच्या तेलांमुळे. आत काहीतरी चालू आहे, याचा अजून काय पुरावा हवा?

आता दुसरी बाजू. क्यूबन सिगार बहुतेक उघड्याच, लाकडी खोक्यात येतात आणि झकास मुरतात. मान्य. पण ते खोकं एकाच जातीच्या सिगारचं असतं. हौशी माणूस पाच ब्रँडच्या सिगार एकत्र ठेवतो. मग वास एकमेकांत मिसळतात, आणि काढता-घालताना बाहेरचं नाजूक पान फाटतं. ते फाटलं की खेळ खल्लास.

थोडक्यात, अख्खं खोकं एकाच प्रकारचं असेल आणि त्याला वर्षानुवर्षं हात लावायचा नसेल, तर खुशाल काढा. बाकीच्यांसाठी डिफॉल्ट सेटिंग एकच: राहू द्या. ठेवलेलं सेलोफेन केव्हाही काढता येतं; काढलेलं परत चढवताना मात्र पान फाटायचीच भीती. ज्या बटणाला धड 'अनडू' नाही, ते उगाच कशाला दाबा?