एक कुटुंब, चार पीएनआर

जळगाव जामोदला विमानतळ नाही आणि रेल्वे स्टेशनही नाही. गाडी धरायची तर नांदुरा किंवा शेगाव. विमान धरायचं तर नागपूर, छत्रपती संभाजीनगर, खान्देशातलं जळगाव नाहीतर थेट मुंबई. 16 एप्रिल 2025 पासून अमरावतीहून मुंबईचं विमानही आहे. त्यात मुलगा पुण्याला, लेक नागपूरला दिलेली. उन्हाळ्यात ही सगळी मंडळी काश्मीरला निघतात तेव्हा आपल्या ट्रॅव्हल एजंटांच्या काउंटरवर एवढंच सांगणं येतं : “भाऊ, सात टिकिटं काढून द्या, पोट्टे मात्र आमच्याजवळच बसले पायजेत.”

असंच एक कुटुंब हिशेबाला घेऊ. आजी-आजोबा गावात, लेक नागपुरात, मुलगा-सून आणि दोन नातवंडं पुण्यात. दिल्लीत भेटून पुढे श्रीनगर. परतताना मुलाला पुण्यात कामावर हजर व्हायचं आहे. सून आणि मुलं सुट्टी काढायला गावी येणार. बहुतेकांच्या हाताला पहिली सवय अशी, की दिल्ली-श्रीनगर सातही जणांचं एका पीएनआरवर काढायचं आणि दिल्लीपर्यंत ज्याचं त्याचं वेगळं. कागदावर कुटुंब छान एकत्र दिसतं. पण पुण्याचं विमान तीन तास उशिरा आलं तर दिल्लीहून पुढच्या तिकिटाशी त्याचा काही संबंध उरत नाही. पुढचं विमान गेलं की ते ‘नो-शो’, आणि चौघांची नवी तिकिटं त्या दिवशीच्या दराने. सामानही दिल्लीत उतरवून घेऊन पुन्हा द्यावं लागतं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : पीएनआर निघण्याच्या ठिकाणापासून शेवटपर्यंत सलग काढा, आणि ज्यांचं एकमेकांवाचून चालणार नाही ती माणसं त्यात एकत्र ठेवा. पुण्याचे चौघे एका पीएनआरवर. आजी-आजोबांनी मुंबईचं नाव काढलं तरी त्यांना नागपूर सुचवा. शेगावहून नागपूर जवळ पडतं, लेकीकडे एक मुक्काम होतो आणि गाडी रखडली तरी विमान चुकत नाही. तिघांचा दुसरा पीएनआर. आजोबांच्या व्हीलचेअरची विनंती त्याच वेळी टाकून द्या. ऐनवेळी विमानतळावर शोधाशोध नको. मुंबईच हवी असेल, तर 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. दादरला उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कोणता विमानतळ ते तोंडी सांगा, आणि लिहूनही द्या.

दिल्लीहून पुढचं विमान दोन्ही पीएनआरना एकच ठेवायचं. जीडीएसवर काम करत असाल तर दोन्हीकडे टीसीपीचा (‘टू कम्प्लीट पार्टी’) शेरा टाकून एकमेकांचा नंबर लिहा. त्याने हक्क मिळत नाही, पण विमान बदललं तर समोरच्या माणसाला ही एकाच घरची मंडळी आहेत हे कळतं.

पोरांचं मात्र पक्कं ठेवा. डीजीसीएने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्या. पण ते पालक त्याच पीएनआरवर हवेत. इथेच आपला हात घसरतो. स्वस्त वर्गात दोनच जागा उरल्या असतील आणि चौघांचं एकत्र मागितलं, तर यंत्रणा चौघांनाही वरचा दर लावते. मग दोन-दोन तोडून थोडे पैसे वाचवायचे. तोडायचंच असेल तर आई आणि एक मूल, बाप आणि दुसरं मूल असं तोडा. दोन मोठे एकीकडे आणि दोन मुलं आत्याच्या भरवशावर असा प्रकार नको.

परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटाला जोडायचा मोह इथे टाळा. देशांतर्गत प्रवासात बहुतेकदा एकेरी दोन तिकिटं आणि परतीचं एक यांत फारसा फरक पडत नाही. परतीची माणसांची विभागणीच वेगळी आहे : पुण्याला एकटा मुलगा, नागपूरला बाकीचे सहा. सगळं एकत्र काढून नंतर बदलू म्हटलं तर बदलाचं शुल्क आणि दरातला फरक दोन्ही अंगावर येतात. त्यात लेकीने आयत्या वेळी नागपूर सोडून थेट दिल्लीतच येते म्हटलं, तर पहिलं कूपन न वापरल्यामुळे तिची पुढची सगळी कूपनं रद्द होतात. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलेलं बरं. पीएनआर तोडता येतो, पण दोन पीएनआर नंतर एक करता येत नाहीत, हेही. परदेशी कंपन्यांचं गणित वेगळं. तिथे परतीचा दर सोडून देणं परवडत नाही.

डिसेंबर 2025च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा रद्द झाल्याचा निरोप पीएनआरवर दिलेल्या नंबरवरच जाणार होता. आपल्यातले कित्येक जण तिथे दुकानाचा नंबर घालतात. दुकान रात्री बंद असतं. प्रत्येक पीएनआरवर त्याच गटातल्या एका माणसाचा चालू नंबर घाला. नागपूरच्या पीएनआरवर आजोबांचा नको, लेकीचा हवा.

ही सगळी जुळणी करायला बराच वेळ जातो आणि तिकिटावरचं कमिशन त्याची भरपाई करत नाही. सेवाशुल्क वेगळं लावा, बिलावर स्वतंत्र ओळीत लिहा, आणि ते तिकिटं काढण्याआधी सांगा.