पडद्यावर बोट कुणाचं?

सरकारी दवाखान्यात ‘समुपदेशन’ म्हणून जे चालतं, ते आपण बहुतेकींनी पाहिलं आहे. बाहेर रांग, टेबलावर रजिस्टर आणि ‘दोन झाली ना? मग ऑपरेशन करून टाक!’ आता तिथे टॅब्लेट ठेवावी असा विचार पुढे येतो आहे. पडद्यावर चित्रं, मराठीत आवाज, बाईने बोट ठेवलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर. यंत्र म्हटलं की आपल्यातल्या काहीजणी नाक मुरडतात. मला मात्र वाटतं, हे साधन आपण मागून घ्यावं, पण आपल्या अटींवर.

कारण माहितीचा दुष्काळ खराच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ऑपरेशन, तांबी, गोळ्या अशी साधनं वापरणाऱ्या सुमारे ६२ टक्के बायकांनाच दुष्परिणामांविषयी कधी सांगितलं गेलं होतं. बाकीच्यांचं काय?

आपला इतिहास आठवा. १९८५ साली हैदराबादजवळ पाटनचेरूला नेट-एन इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायका जमवल्या, पण हा प्रयोग आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. पुढच्याच वर्षी स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये ‘अंतरा’ हे दुसरं इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात आलं. एकदा टोचलं की तीन महिने ते अंगातून काढता येत नाही. पाळी बिघडते, कधी थांबते. सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागतो. हे सुई टोचण्याआधी कळायला नको का? दमलेली नर्स चाळिसाव्या बाईला हे सगळं सांगेलच असं नाही. पडदा प्रत्येकीला तेच सांगेल, न कंटाळता, पुन्हा पुन्हा.

पण पडद्यावर काय असावं, हे कोण ठरवणार? त्याच सर्वेक्षणात विवाहितांमध्ये बाईची नसबंदी ३८ टक्के आणि पुरुषाची ०.३ टक्के होती. म्हणून निरोध आणि पुरुष नसबंदीची चित्रंही तेवढीच मोठी हवीत. ‘आत्ता काहीच नको’ हे बटणही हवं. ‘लग्न झालंय का?’ या प्रश्नावर माहिती अडू नये. बाईने काय दाबलं याची नोंद तिच्या नावाने राहू नये, नाहीतर उद्या तीच यादी घेऊन कुणीतरी दारात येईल.

आणि हे फोनवर ढकलून मोकळं होऊ नये. त्या सर्वेक्षणात स्वतः वापरते असा फोन देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच होता. पडदा दवाखान्यात हवा, आडोशाला, नवरा-सासूच्या नजरेबाहेर. शेजारी माणूसही हवं. मूल गेलेल्या बाईचा प्रश्न बटणात मावत नाही.

मैत्रिणींनो, असं साधन तुमच्या तालुक्यात येणार असेल तर आधी ते आपल्या मंडळात मागवा. न शिकलेल्या बायकांच्या हाती द्या. त्या कुठे अडतात, कुठे लाजतात, काय विचारतात ते लिहून काढा, आणि तो कागद आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा.