आठवा सर्व्हर

आपल्या अनेक घरांतील मुलेमुली आज ‘डेव्हऑप्स’ या नावाने ओळखले जाणारे काम करतात. परिचयपत्रात तो शब्द वाचून वडीलधारी मंडळी विचारतात, “म्हणजे नेमके काय?” ‘कॉम्प्युटर सांभाळतो’ असे मोघम उत्तर मिळते आणि विषय संपतो.

‘नाइट कॅपिटल’ ही अमेरिकेतील शेअर व्यवहारांची मोठी पेढी. न्यूयॉर्क शेअर बाजाराची एक नवी योजना १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू व्हायची होती. त्यासाठी पेढीने आपल्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम बसविण्यास घेतला; काम हाताने चालले होते. सातांवर तो बसला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी पडताळून पाहिले नाही, तशी लेखी पद्धतच नव्हती. आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला जुना प्रोग्राम पडून होता. नव्या योजनेसाठी जी खूण वापरली, तीच पूर्वी त्याची होती. साहजिकच तो जागा झाला. आपली ऑर्डर पुरी झाली, हे त्याला कळेना, म्हणून तो बाजारात ऑर्डरी पाठवीतच राहिला. ग्राहकांच्या मूळ ऑर्डरी अवघ्या २१२. सुमारे ४५ मिनिटांत सौदे झाले चाळीस लाख! गोंधळात सात सर्व्हरांवरील नवा प्रोग्राम काढून टाकण्यात आला आणि दुखणे अधिकच वाढले. तोटा ४६ कोटी डॉलरांहून अधिक. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने त्रुटी सूचित करणारे ९७ ई-मेल पाठविले होते. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढील वर्षी ती पेढी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो. हा नियम कंटाळवाणा वाटे. सहकाऱ्याचा अविश्वास केल्यासारखेही वाटे. नाइटचा वृत्तान्त वाचल्यावर तसे वाटेनासे झाले.

‘ॲन्सिबल’ आणि ‘टेराफॉर्म’ ही साधने हीच शिस्त यंत्राकडून पाळून घेतात. अभियंता प्रत्येक सर्व्हरपाशी जात नाही. ‘या आठांवर अमुक आवृत्ती असावी’ असे तो एका फाइलमध्ये लिहितो. ती फाइल सहकारी वाचतो, मग साधन आठही सर्व्हर ताडून पाहते आणि जिथे फरक असेल तिथेच बदल करते. व्हाउचर चुकून दोनदा पोस्ट झाले तर रक्कम दोनदा पडते. येथे फाइल नीट लिहिलेली असेल तर आज्ञा दोनदा दिली तरी फलित एकच. मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो. शिवाय टेराफॉर्म काम करण्यापूर्वी काय जोडले, बदलले वा पुसले जाईल याची यादी दाखविते. ती न वाचता ‘हो’ म्हणणारे असतातच, आणि मग चूकही आठही ठिकाणी एका क्षणात पोहोचते. म्हणून जाणते लोक आधी एका सर्व्हरवर बदल करून पाहतात.

आपल्या पेढ्यांना हे परके नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा चार दुकाने असलेल्या व्यापाऱ्याला चारही संगणकांवर नवे दर चढवावे लागले. कोणी चढविले, कोणी तपासले, याचा कागद आपल्यापाशी आहे का? नसेल, तर घरातील त्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ मुलाला वा मुलीला या रविवारी दुकानात घेऊन जा. दरांची यादी एकाच ठिकाणी ठेवून चारही दुकानांनी तेथूनच ती कशी घ्यावी, हे ती मुले सांगू शकतील.