भरतीची रेषा आणि गावची विहीर

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. कावेरी जेथे समुद्राला मिळते त्या शेवटच्या गावांची वार्ता मात्र त्याच्या कानी क्वचितच येते. ही गावे १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच मोडत. त्या वर्षी नागपट्टणम् हा वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमारास तेथील भातखाचरांच्या जागी कोळंबीची तळी दिसू लागली.

आपल्या कोकणात बांध घालून खारे पाणी शेताबाहेर ठेवण्यासाठी पिढ्यान् पिढ्या खपल्या. येथे नेमके उलट घडले. पंपाने खारे पाणी आत आणावयाचे, त्यात कूपनलिकेचे गोडे पाणी मिसळावयाचे, आणि कोळंबी निघाली की खाद्याच्या अवशेषांनी गढूळलेले पाणी कालव्यात वा खाडीत सोडून द्यावयाचे, असा हा व्यवसाय. परकीय चलन मिळवून देणारा म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि ते सर्वस्वी अनाठायी नव्हते. पण नफा तळ्याच्या मालकाचा, तर झिरपणारा खार शेजारच्या विहिरीचा, अशी ही वाटणी होती. कोळ्यांची समुद्राकडे जाणारी वाट अडली. लावणी-कापणीच्या मजुरीवर घर चालविणाऱ्या स्त्रियांचे कामही गेले, कारण तळ्याला भाताइतके हात लागत नाहीत.

विनोबाजींच्या भूदान चळवळीत वाढलेले एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माल हे दांपत्य १९६८ च्या कीळवेण्मणी हत्याकांडानंतर या भागात येऊन राहिले होते. १९८१ मध्ये स्थापन केलेल्या 'लाफ्टी' या संस्थेद्वारे त्यांनी भूमिहीन स्त्रियांना जमिनी मिळवून दिल्या. आता त्या परिसरात तळी येऊ लागल्यावर सत्याग्रह सुरू झाला, आणि १९९४ मध्ये जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. पाहणीचे काम न्यायालयाने सोपविले ते आपल्या नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडे. ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला: भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरांच्या नियमन क्षेत्रातील तळी ३१ मार्च १९९७ पूर्वी काढून टाकावीत, पारंपरिक पद्धतीची तेवढी राहावीत, शेतजमीन, मिठागरे व गावच्या सार्वजनिक वापराच्या जमिनी यांचे तळ्यांत रूपांतर होऊ नये, काम सुटणाऱ्या मजुरांना सहा वर्षांचे वेतन द्यावे.

अंमलबजावणी झाली नाही. फेरविचाराच्या अर्जांवर १९९७ मध्ये स्थगिती मिळाली, आणि २००५ मध्ये संसदेने किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा केला. त्याने भरतीच्या रेषेपासून २०० मीटरांच्या आत नव्या तळ्यांना मनाई केली. आधीच्या तळ्यांना तीतून वगळले.

कायद्याबरोबर आलेली मार्गदर्शक तत्त्वे लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून १०० मीटर अंतर, समुद्राकडे जाण्यास मोकळी वाट, हे त्यांत होते, आणि ते योग्यच होते. वस्तीपासूनच्या अंतराचे माप मात्र डोक्यांवर ठरले: पाचशेहून अधिक लोकवस्ती असेल तर ३०० मीटर, कमी असेल तर १००. या मुलखातील भूमिहीनांची वस्ती मुख्य गावापासून वेगळी, लहानशी असते. म्हणजे ज्यांच्यापाशी दुसरे पाणी विकत आणण्याची ऐपत नाही, त्यांच्याच दारापर्यंत तळे येण्यास कागदोपत्री हरकत नाही! शिवाय खार टेपाने मोजून चालत नाही. वाळूसर जमिनीत तो दूरवर जातो, चिकणमातीत थबकतो.

परवान्यापूर्वी पाहणी होते, पण ती कोणत्या महिन्यात? या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तेव्हा कोणत्याही विहिरीचे पाणी गोडच लागणार. मेट्टूर धरणाचे पाणी प्रघाताप्रमाणे १२ जूनला सुटते, आणि कालव्याच्या टोकाच्या गावांना ते सर्वांत शेवटी पोहोचते. पाण्याचा नमुना घ्यावयाचा तो त्याआधी, मे महिन्यात, आणि तोही लहान वस्तीच्या विहिरीतून, तेथील स्त्रियांच्या समक्ष.